धरला, मोजला, सोडला

पिंपळगाव बसवंतच्या एका शाळेत नद्यांविषयी बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर दहावीतल्या एका मुलीने हात वर केला. तिने मोबाईलवर कॅनडातल्या एका नदीची चित्रफीत पाहिली होती. चारपाच माणसे बराच वेळ झुंजतात, माणसापेक्षा लांब असा एक मासा काठाशी आणतात, त्याच्या शेजारी पाण्यात उभे राहून छायाचित्र काढतात आणि मासा परत सोडून देतात. तिचा प्रश्न होता, "सर, सोडूनच द्यायचा होता, तर धरला कशाला?"

वर्ग हसला, मीही हसलो. काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली, पण प्रश्न मनातून जाईना. त्याचा माग काढत गेलो, तेव्हा तो मला कॅनडाहून थेट पुण्याला, लोणावळ्याला आणि तिथून कावेरीकाठी घेऊन गेला. मासा सोडणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही, हे त्या वाटेवर समजले. तीच हकीकत इथे मांडतो.

हरभऱ्याचा डबा

आधी त्या चित्रफितीतला मासा. तो स्टर्जन. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढाली असलेला, फार प्राचीन कुळातला हा मासा. कॅनडाच्या फ्रेझर नदीतला पांढरा स्टर्जन शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो, आणि त्याची मादी अंडी घालण्याजोगी होण्यास वीसएक वर्षे लागू शकतात. असा मासा मारून खाल्ला, तर त्याची जागा भरून यायला माणसाची एक पिढी जाते. म्हणून 1994 पासून फ्रेझरमध्ये धरलेला पांढरा स्टर्जन सोडून देणे बंधनकारक झाले.

पण तिथले लोक नुसता सोडत नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढी एक खूणचिप माशाच्या कातडीखाली बसवतात. प्रत्येक चिपेचा क्रमांक निराळा. पुन्हा कधी तो मासा गळाला लागला, की यंत्र वरून फिरवायचे, क्रमांक वाचायचा, लांबी मोजायची, नोंद करायची आणि सोडून द्यायचे. गेली पंचवीसएक वर्षे हे काम प्रामुख्याने हौशी मच्छीमार आणि नदीवरचे वाटाडे स्वयंसेवक म्हणून करत आले आहेत.

याचा उपयोग काय, हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. एका डब्यात न मोजता हरभरे भरा. त्यातले 50 काढून शाईने रंगवा, वाळू द्या, परत टाका आणि डबा चांगला हलवा. आता डोळे मिटून 40 हरभरे काढा. समजा त्यांत 8 रंगीत निघाले, म्हणजे पाचांत एक रंगीत. रंगीत एकूण 50 आहेत, तर डब्यात सुमारे 250 हरभरे असणार. मग सगळे मोजून पाहा. मुलांना आपला अंदाज किती जवळ आला हे पाहण्यात फार गंमत वाटते.

नदी हा असाच डबा आहे, फक्त तो उपडा करून मोजता येत नाही. या हिशेबाला एक अटही आहे. खूण केलेला मासा जगला पाहिजे आणि इतरांत मिसळला पाहिजे. गळाला झुंजून दमलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते. पाण्याबाहेर काढले की कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि त्याला प्राणवायू घेता येत नाही. पाणी कोमट असेल तर त्यात प्राणवायू आधीच कमी असतो. म्हणून काटा नसलेला गळ वापरायचा, मासा लवकर आत घ्यायचा, शक्यतो पाण्यातच ठेवायचा, प्रवाहाकडे तोंड करून धरायचा आणि तो स्वतःच्या बळावर निघाला की मग हात सोडायचा. नीट सोडणे हाही मोजणीचाच भाग आहे.

त्या मुलीला द्यायचे पहिले उत्तर हे होते. पण आपल्याकडे असा मासा आहे का?

आपला थोरला मासा

आहे. महाशीर. कटला आणि रोहू यांच्याच कुळातला, पण डोंगरी वाहत्या पाण्याचा. मोठ्या महाशीराचे एकेक खवले तळहातात मावेल न मावेल एवढे असते. जबड्यात दात नाहीत, घशात मात्र बळकट दात असतात. त्यांनी तो खेकडे, शिंपले आणि काठच्या झाडांची फळेही भरडतो. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून जायचे आणि वरच्या स्वच्छ, खडकाळ, गोट्यांच्या पाण्यात अंडी घालायची, असा त्याचा क्रम.

मासा कधी धरू नये याचा विचार या देशात जुना आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासाच्या पौर्णिमा आणि इतर काही ठरावीक दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. गळाने मासे धरण्याची हौसही तितकी नवी नाही. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथे बाराव्या शतकात राज्य करणाऱ्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. त्यात माशांच्या जाती आणि त्यांची आमिषे यांचे वर्णन येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्यावर लेख लिहून या प्रकरणाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले.

आधुनिक शास्त्रात आपल्या महाशीराची नोंद झाली ती पुण्याजवळ. मुंबई इलाख्याच्या सरकारने कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना दख्खनची पाहणी करायला नेमले होते. माणसे, पिके, पक्षी, मासे, सगळे ते टिपत गेले. 1839 मध्ये त्यांनी मुळा-मुठेतल्या महाशीराचे वर्णन प्रसिद्ध केले. माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन साच्यात बसवली. 'खुद्री' हे त्यांतलेच. आजही जगभर हा मासा 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. त्याच्या परांवर निळसर झाक असते, म्हणून त्याला निळ्या परांचा महाशीर असेही म्हणतात.

आपल्याकडे काही डोहांत तो देवाच्या नावाने सुरक्षित राहिला. रायगडाच्या परिसरात, महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे. त्यांना कुणी मारत नाही, उलट खाऊ घालतात. वैतरणेकाठी तिळसे येथेही शिवमंदिराजवळच्या डोहातले मासे असेच राखलेले आहेत. पण डोह म्हणजे सगळी नदी नव्हे. देवाच्या हद्दीबाहेर जाळे होते, विष होते आणि सुरुंगही होते.

लोणावळ्याचे मत्स्यजिरे

एकोणिसाव्या शतकातच धोक्याची चाहूल लागली होती. इंग्रज अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले. माशांना विष घालण्याविरुद्ध ते आग्रहाने लिहीत. पुढे 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात स्फोटके आणि विष वापरण्यास मनाई केली. तरीही विसाव्या शतकात महाशीर घटतच गेला. नदीवर भिंत उभी राहिली, की अंडी घालायला वर जाण्याची वाट बंद होते. वाळू-गोटे उपसले, की अंडी घालायची जागाच जाते.

सह्याद्रीच्या माथ्यावर टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वळवण, शिरवटा अशी धरणे बांधली गेली. 1915 मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. या तलावांत महाशीर टिकून होता. पूर्वी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1970 च्या सुमारास त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्याची अंडी कशी असतात, पिल्ले कशी वाढतात याचे सविस्तर वर्णन त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी आणि एस. एन. ओगले यांनी मिळून लोणावळ्याजवळ वळवण येथे महाशीराची कृत्रिम पैदास यशस्वी करून दाखवली.

रीत ऐकायला सोपी आहे. पावसाळ्यात अंड्यावर आलेली मादी धरायची. पोट हलक्या हाताने दाबून अंडी ताटलीत घ्यायची. त्यावर नराचा शुक्ररस मिसळायचा आणि अंडी वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या तबकांत पसरायची. तीनचार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. कटला-रोहूची पिल्ले लवकरच पोहू लागतात. महाशीराची पिल्ले मात्र पोटाला बलकाची पिशवी घेऊन कितीतरी दिवस कोपऱ्यात डोके खुपसून, उजेड टाळत, एकमेकांवर दाटीने पडून राहतात. नदीत हा काळ गोट्यांच्या फटींत जातो. पूर आला, गाळ आला, फटी बुजल्या, की सगळे संपते. हौदात हा नाजूक काळ सांभाळला, की मत्स्यजिऱ्यांची बोटुकली तयार होते, आणि बोटुकली नदीत सोडता येते.

वळवणमधून पुढे लाखो बोटुकल्या महाराष्ट्रात आणि इतर राज्यांत गेल्या. ज्या माशाची चिंता होती तो हौदात वाढू लागला, ही मोठीच गोष्ट होती. या बोटुकल्यांचा एक प्रवास कावेरीकडेही झाला, आणि आपल्या हकीकतीला इथेच वळण लागते.

कावेरीचा वशिंडवाला

कावेरीत आधीपासूनच एक महाशीर होता, आणि तो आपल्या महाशीराहून निराळा दिसे. पाठीवर, मानेमागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, आणि पर तांबूस-नारिंगी. आकार तर थक्क करणारा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या गृहस्थांनी 1946 मध्ये कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात गळाने धरलेला मासा 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा होता. शाळकरी मुलाच्या वजनाहून जास्त.

पुढे हे मासेही संपत आल्याची हाकाटी झाली. 1972 मध्ये बंगळूरला वन्यजीवप्रेमींची एक संघटना निघाली. तिने कावेरीचा काही भाग राखायला घेतला. 1977 मध्ये तीन इंग्रज तरुण कावेरीवर आले, मोठे महाशीर अजून आहेत हे त्यांनी दाखवले आणि जगभरच्या हौशी मच्छीमारांची पावले तिकडे वळली. कर्नाटक सरकारच्या पर्यटन संस्थेने भीमेश्वरी, गलिबोर अशा ठिकाणी तळ उभारले. नियम एकच: नाचणीचा गोळा गळाला लावा, मासा धरा, तोला आणि सोडून द्या. पूर्वी चोरून सुरुंग लावणारे काही जण इथे वाटाडे आणि राखणदार झाले. मेलेल्या माशाचे पैसे एकदाच मिळतात, जिवंत माशाचे पुन्हा पुन्हा, हा हिशेब त्यांना कुणी समजावण्याची गरज उरली नाही.

नदीत माशांची भर पडावी म्हणून याच काळात, 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, लोणावळ्याच्या पैदाशीतली बोटुकली कावेरीत सोडली जाऊ लागली. हेतू चांगलाच होता. महाशीर कमी झाले, महाशीर सोडू, इतका सरळ विचार. वशिंडवाला ही वेगळी जात आहे की त्याच माशाचे स्थानिक रूप, हे तेव्हा कुणी ठामपणे ठरवलेले नव्हते. मध्यंतरी साइक्स यांच्याच 'मुसल्ला' या दुसऱ्या माशाचे नाव त्याला चिकटवले गेले. पुढे 'मुसल्ला' हा मुळी महाशीरच नव्हे, असे दिसून आले. अर्धा क्विंटल वजनाचा, जगभर प्रसिद्ध असलेला मासा, आणि त्याला स्वतःचे शास्त्रीय नाव नाही!

वहीने सांगितलेली गोष्ट

गलिबोरच्या तळावर रोज संध्याकाळी नोंदवही भरत. कोण किती तास बसला, किती मासे लागले, कुठल्या रूपाचे, वजन किती. हे काही संशोधन म्हणून चालले नव्हते. पण 1998 ते 2012 या काळातल्या त्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या शास्त्रज्ञांनी एकत्र मांडल्या आणि 2015 मध्ये त्यावर लेख लिहिले. एकूण 23,620 तास गळ टाकला गेला होता आणि 6,161 महाशीर धरले गेले होते. सरासरी सुमारे चार तासांना एक. सर्वांत मोठा 46.8 किलोंचा.

या आकड्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आनंदाची. दर तासाला लागणाऱ्या माशांची संख्या वर्षांगणिक वाढत गेली आणि माशांचे सरासरी वजन घटले, म्हणजे नदीत लहान वयाचे मासे भरपूर येत होते. राखण कामी आली होती.

दुसरी गोष्ट काळजीची. वाढत होता तो निळ्या परांचा महाशीर, म्हणजे बाहेरून आलेला. वशिंडवाला वर्षागणिक कमी लागत होता, आणि लागला तर तो जुना, मोठा असे. त्याची पिल्ले जवळजवळ दिसेनाशी झाली होती. ज्या घरात फक्त म्हातारी माणसे उरली आहेत अशा घरासारखी त्या माशाची अवस्था होती. एकूण बेरीज पाहिली असती, तर कावेरीत महाशीर वाढले एवढेच दिसले असते. रूपानुसार वेगळे रकाने होते, म्हणून खरे काय ते कळले.

निळ्या परांच्या माशाने वशिंडवाल्याला हटवले असे म्हणण्याला कालक्रमाचा आणि या नोंदींचा आधार आहे. पण कावेरीवर धरणे आहेत, वाळूउपसा आहे, चोरटे सुरुंग आहेत, त्यांचाही वाटा त्यात असणार. शास्त्रात एकाच आरोपीला पकडून खटला संपवता येत नाही.

नावाचा घोळ अखेर 2018 मध्ये मिटला. कावेरी खोऱ्यातल्या मोयार नदीत सापडलेल्या वशिंडवाल्या माशांची शरीररचना आणि डीएनए तपासले गेले. केरळातल्या पांबर नदीतून त्याआधी वर्णिलेल्या 'टॉर रेमादेवी' या जातीशी ते जुळले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदली गेली. आणि आपला टॉर खुद्री? तो पूर्वी 'संकटग्रस्त' होता. नव्या मूल्यमापनात तो त्या गटातून बाहेर आला. एकाच कामाची ही दोन फळे आहेत. एक गोड, एक कडू.

लोणावळ्याच्या शास्त्रज्ञांना यात दोष देणे न्यायाचे होणार नाही. मासा हौदात वाढवण्याचे अवघड काम त्यांनी केले. त्यांचा मासा कृष्णेच्या खोऱ्यातला होता, आणि त्या खोऱ्यात तो सोडणे योग्यच होते. चूक झाली ती सर्वांच्या समजुतीत. नद्या म्हणजे एकाच टाकीचे नळ आहेत, इथला मासा तिथे चालतो, अशी ती समजूत. प्रत्यक्षात दोन खोऱ्यांमधली डोंगराची धार ही माशाच्या दृष्टीने समुद्राइतकी रुंद असते. त्या धारेच्या दोन बाजूंना लाखो वर्षांत निराळ्या जाती घडतात.

सोडण्याआधी

कावेरीवरचे गळ 2012 मध्ये थांबले. अभयारण्यात गळाने मासा धरणे ही वन्यजीव कायद्यानुसार शिकारच, असा अर्थ लावला गेला. हौसेसाठी जिवाला छळणे बरे नव्हे, हे म्हणणे मला खोटे वाटत नाही. निळ्या परांच्या महाशीरावरच्या अभ्यासात नीट हाताळलेले मासे सहसा तगतात असे दिसले, तरी गळ टोचतोच. पण दुसरी बाजूही आहे. तळ बंद झाले तसे राखणदारांचे काम गेले, सुरुंगांचे आवाज पुन्हा येऊ लागल्याच्या बातम्या आल्या, आणि ती नोंदवही मिटली. ती वही नसती, तर वशिंडवाला कमी होतो आहे हे आपल्याला आकड्यांत कधीच कळले नसते.

म्हणून त्या मुलीला आता मी असे सांगेन. मासा धरणे आणि सोडणे यांच्या मधे एक तिसरी क्रिया आहे, ओळखून लिहून ठेवण्याची. ती केली तर सोडण्याला अर्थ. ती न करता धरला, तर केवळ हौस. आणि ती न करता नवे मासे आणून सोडले, तर चांगल्या हेतूनेही नुकसान होऊ शकते. आजही उत्साहाने तलावात, नदीत बोटुकली सोडण्याचे कार्यक्रम होतात. त्या वेळी टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: ही कुठली जात, आणि ती या खोऱ्यातली आहे का?

पिंपळगावच्या मुलांना या कामासाठी कावेरीला जायला नको. जवळच कादवा वाहते. तिच्यावर पालखेडचे धरण आहे. पुढे ती गोदावरीला मिळते तिथे नांदूर मधमेश्वरचा जलाशय आहे. रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. तिथल्या पक्ष्यांची मोजणी होते, माशांची वही शाळेने सुरू करायला काय हरकत आहे? गळ टाकायचीही गरज नाही. बाजाराच्या दिवशी मासे विकणाऱ्या मावशींजवळ बसावे. आज कुठले मासे आले, इथले नाव काय, कुठल्या पाण्यातले, सर्वांत मोठा केवढा, हे विचारून चार रकाने भरावेत. जाळे टाकणाऱ्या वयस्कर काकांना विचारावे, तुमच्या लहानपणी कुठले मासे मिळत, जे आता दिसत नाहीत? कर्नल साइक्स यांनी तरी वेगळे काय केले होते?

वहीत मराठी नावे जरूर लिहावीत. एका नावाचे दोन मासे निघतील, एका माशाची तीन नावे निघतील. तो घोळ मुलांनीच सोडवावा. दरवर्षी दहावीचा वर्ग जाईल, वही मात्र नवव्या इयत्तेच्या हाती द्यावी. पंधरा वर्षांनी ती काय सांगेल, हे आज कुणालाच माहीत नाही. गलिबोरच्या तळावर रोज संध्याकाळी वही भरणाऱ्यांनाही ते माहीत नव्हते.